फियाट ११०० चं क्रोम घरी होईल का? (बंपर, हँडलं, दिव्यांच्या रिंगा)

फियाट_६६

मंडळी, गाडी १९६६ ची फियाट ११०० डी आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. इंजिन बांधून झालं, वायरिंग नवं टाकलं, पत्र्याचं काम आटपत आलंय. रंगाला गाडी सोडण्याआधी क्रोमचा निकाल लावायचा आहे. पुढचा-मागचा बंपर, त्यावरची शिंगं, हेडलाइटच्या रिंगा, दारांची हँडलं, मागच्या दिव्यांच्या बैठका आणि व्हील कॅप एवढा ऐवज आहे.

बंपर लांबून बरा दिसतो. जवळ गेलं की खालच्या कडेला फोड दिसतात, नख लावलं की पापुद्रा उचलला जातो आणि खाली लाल गंज. हँडलांचं दुखणं वेगळं आहे. तिथे लाल काही नाही, टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट खड्डे पडलेत.

प्लेटिंगच्या जॉबवर्कवाल्यांकडे (लोकांचे भाग घेऊन क्रोम चढवून देणारे) चौकशी केली. एकाने हँडलं हातात घेऊन पाहिली आणि सरळ नाही म्हणाला. दुसरा म्हणाला, सगळं पोत्यात भरून आणा, परवा घेऊन जा. परवा? एवढ्या झटपट होणाऱ्या कामाचीच मला जास्त भीती वाटली.

मग रात्री जागून व्हिडिओ पाहिले. बादली, बॅटरी चार्जर, व्हिनेगर, निकेलची पट्टी, आणि दहा मिनिटांत पाना आरशासारखा. माझ्याकडे ३० अँपिअरचा डीसी सप्लाय आहे, दोन चाकांचा बफ आहे आणि घाई अजिबात नाही. विचार असा की निकेल घरी करावं, आणि जमलं तर क्रोमही. कोणी केलंय का? बंपरसाठी केवढी टाकी लागेल? क्रोमिक अ‍ॅसिड लोक सांगतात तेवढं वाईट असतं का?

जुना_पाना

आधी खिशात चुंबक घेऊन सगळ्या भागांवरून फिरवा. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला आणि वस्तू हाताला जड लागली तर जस्ताचं डायकास्ट (साच्यात ओतलेलं जस्त), हलकी लागली तर अ‍ॅल्युमिनियम. बाजूच्या लांब पट्ट्या स्टेनलेसच्या असल्या तर त्यांना प्लेटिंग लागतच नाही, पोचे काढून बफ मारला की झालं. तुमच्या हँडलांवरचे पांढरे खड्डे म्हणजे जस्तच. पहिल्या माणसाने नाही म्हटलं ते प्रामाणिकपणे म्हटलं.

आणि प्रत्येक भागाचे फोटो काढून ठेवा, मागच्या बाजूचेसुद्धा. जॉबवर्कमध्ये भाग हरवतात. दुसऱ्याच्या गाडीची रिंग आपल्या पिशवीत येते आणि आपली कुणाच्या तरी अँबॅसिडरवर जाते.

अंबडकर

नाशिकला प्लेटिंगचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक ज्याला क्रोम म्हणतात त्यात क्रोम नावापुरतं असतं. पोलादाच्या बंपरवर खालून वर तांबं, मग निकेल, मग क्रोम. बाहेर उन्हापावसात राहणाऱ्या भागाला निकेल २५ ते ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) हवं. वरचा क्रोमचा थर पाव ते अर्धा मायक्रॉन. चकाकी निकेलची असते, गुळगुळीतपणा तांब्याचा आणि त्याखालच्या पॉलिशचा. क्रोम फक्त तो निळसर थंड रंग देतं आणि निकेल पिवळं पडू देत नाही.

तुमचा बंपर दीड मीटर लांब आणि वळणासकट १५ सेंटीमीटर रुंद धरू. दोन्ही बाजू मिळून ४५ चौरस डेसिमीटर होतात. सगळीकडे २५ मायक्रॉन निकेल चढवलं तर धातू लागतो अंदाजे १०० ग्रॅम. दर्शनी बाजूला ०.३ मायक्रॉन क्रोम चढवलं तर अर्धा ग्रॅम. अर्धा ग्रॅम! तुम्ही पैसे धातूचे देत नाही, घासणाऱ्या माणसाच्या खांद्याचे देता. परवा देतो म्हणणारा घासणार नाही. जुनं क्रोम उतरवेल, एक हात मारेल, तांबं वगळेल आणि पातळ निकेलवर क्रोम फिरवून हातात ठेवेल. दिवाळीला चमकेल, दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतील.

आता विजेचं. निकेलला प्रति चौरस डेसिमीटर ४ अँपिअर धरले तर बंपरला १८० अँपिअर हवेत. क्रोमला १५ च्या आसपास, म्हणजे नुसत्या दर्शनी बाजूलाच साडेतीनशेच्या घरात. तुमचा सप्लाय ३० चा. टाकी कमीत कमी पावणेदोन मीटर लांब, म्हणजे अडीचशे लिटर द्रावण, तेही गरम. शिवाय क्रोमला सप्लाय एकदम सपाट लागतो. बॅटरी चार्जरच्या हेलकाव्यांवर क्रोम दुधाळ येतं.

बंपर घरी विसरा. हँडलाचं वेगळं बोलू.

फियाट_६६

बंपर विसरलो. पण हँडलाचं क्षेत्रफळ मी काढलं, दीड चौरस डेसिमीटर भरतं. म्हणजे निकेलला ६ अँपिअर, क्रोमला २२-२३. माझ्या सप्लायमध्ये दोन्ही बसतात. मग छोट्या भागांना अडचण कसली?

रसायनी

अडचण विजेची नाहीच. नेहमीच्या क्रोमच्या टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड आणि त्याच्या शंभराव्या भागाइतकं सल्फ्युरिक असतं. यातलं क्रोमियम षट्संयुज, हेक्साव्हॅलंट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात ठेवलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या यादीत. जुन्या प्लेटिंग शॉपमध्ये काम केलेल्यांच्या नाकाचा मधला पडदा भोक पडून गेल्याच्या नोंदी वैद्यकीय पुस्तकांत आहेत. हातावरची जखम महिनोन्महिने भरत नाही.

तुम्ही म्हणाल मी हातमोजे घालीन, द्रावणाला हात लावणार नाही. पण दुर्दैवाने ही प्रक्रियाच उधळी आहे. सोडलेल्या विजेतला दहा ते वीस टक्के भाग क्रोम बसवायला लागतो. बाकी सगळ्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो. ते बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा क्रोमिक अ‍ॅसिडचा बारीक तुषार हवेत सोडतो. तो दिसत नाही. दोन दिवसांनी टाकीशेजारच्या भिंतीवर पिवळसर-तपकिरी ठिपके दिसतात, तेव्हा कळतं. तोवर आपण श्वास घेऊन झालेला असतो. कारखान्यात टाकीच्या काठावर खेचणारी धुराडी असतात, ती गॅरेजच्या एक्झॉस्ट फॅनने भागत नाहीत.

बिनधास्त_बंड्या

अहो किती घाबरवाल माणसाला. चार लिटरच्या डब्यात दोन हँडलं करायची आहेत, कारखाना नाही टाकायचा. उघड्या गच्चीवर करा, मास्क लावा, झाल्यावर भरपूर पाणी घालून मोरीत सोडून द्या. आमच्या गल्लीत गंजाचं तेजाब रोज सोडतात, कोणी मेलं नाही.

रसायनी

बंड्या, भरपूर म्हणजे किती ते मोजू या. २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिडमध्ये १३० ग्रॅम क्रोमियम असतं. आपल्याकडे सांडपाण्यात षट्संयुज क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तुझ्या डब्यातलं एक लिटर त्या मर्यादेत आणायला १३ लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे १३० टँकर. चार लिटरचे तूच कर.

कानपूरजवळ रानिया आणि तमिळनाडूत राणीपेट इथे क्रोमियमची संयुगं बनवणारे कारखाने बंद होऊन वर्षं लोटली, ढिगारे मागे राहिले आणि आसपासचं भूजल बिघडलं ते बिघडलंच. हे तेजाबासारखं चुना टाकून निवत नाही. आधी आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचं कमी घातक त्रिसंयुज, ट्रायव्हॅलंट, करावं लागतं, नारिंगी रंग जाऊन हिरवा येतो. मग चुन्याने सामू वाढवून गाळ बसवायचा. आणि तो गाळही घातक कचराच. तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणी जातो, तेही नोंदणी असलेल्या कारखान्याकडून. घरून पिशवी घेऊन गेलेल्या माणसाला तिथे कोणी दारात उभं करणार नाही.

फियाट_६६, तुमच्यासाठी याहून जवळची गोष्ट. गंज काढायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडायची पद्धत तुम्ही पाहिली असेलच. ती चांगली आहे, जरूर वापरा. पण धन टोकाला साधा लोखंडी पत्रा लावा. व्हिडिओत कोणी तरी स्टेनलेसचा डाव किंवा ताट लावलेलं असतं, कारण ते झिजत नाही असं वाटतं. ते झिजतं, आणि त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं. पाणी पिवळं दिसायला लागलं तर ते गंजाचं पिवळं आहे असं समजू नका.

फियाट_६६

स्टेनलेसची पट्टी कापून ठेवलेली होती. बाजूला काढली. धन्यवाद.

कोव्हेंट्रीकर

इकडे इंग्लंडात जुन्या गाड्यांचे वेड लागलेले लोक गल्लोगल्ली आहेत, पण घरी खरं क्रोम करणारा मला अजून भेटायचा आहे. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायॉक्साइड, म्हणजे हेच क्रोमिक अ‍ॅसिड, विशेष परवानगीशिवाय वापरताच येत नाही. साधं सल्फ्युरिकसुद्धा १५ टक्क्यांपेक्षा तीव्र असेल तर सामान्य माणसाला परवाना लागतो. त्यामुळे हौशी लोक निकेलचं किट आणतात, फार तर कोबाल्टवर चालणारं नकली क्रोम. रंग जवळपास जमतो, पण खऱ्या क्रोमचा बंपर शेजारी ठेवला की फरक कळतो. त्रिसंयुज क्रोमियमची टाकी असलेली दुकानंही आता बरीच आहेत. त्याची छटा किंचित गडद येते. सगळे भाग एकाच दुकानात एकाच पद्धतीने केले तर डोळ्याला खटकत नाही. बंपर एकीकडे आणि रिंगा दुसरीकडे केल्या की खटकतं.

काही युरोपीय गाड्यांचे बंपर व्हिएतनाममध्ये नवेकोरे स्टेनलेसमध्ये बनून येतात. लोक ते लावतात आणि प्रदर्शनात परीक्षक नाक मुरडतात. फियाट ११०० चे मिळतात का, पाहायला हरकत नाही.

उद्यमनगर

भावा, एवढा कशाला जीव टांगणीला लावतोस. आमच्या कोल्हापुरात हायड्रॉलिकच्या रॉडला क्रोम मारणारी माणसं हाताशी हाईत. डायरेक्ट लोखंडावर मारत्यात, तांबं नाय निकेल नाय. थर बी जाड. घे बंपर आणि ये.

अंबडकर

ते हार्ड क्रोम, भाऊ. रॉडवर, पिस्टनवर, डायवर मारतात. जाडी दहापट-शंभरपट, पण ते झिजू नये म्हणून असतं, गंजू नये म्हणून नाही. त्या थराला मुळातच बारीक भेगा असतात. रॉड तेलात फिरतो म्हणून चालतं. बंपर पावसात गेला की त्या भेगांतून पाणी खाली लोखंडापर्यंत जाईल. गंज अडवायचं काम निकेलचं. चांगला शॉप दोन निकेल देतो, खाली गंधकविरहित सेमी-ब्राइट आणि वर ब्राइट. गंज वरच्या थरात आडवा पसरतो, खाली पटकन उतरत नाही. डुप्लेक्स म्हणतात. जॉब देताना हा शब्द उच्चारून पाहा, समोरच्याचा चेहरा काय होतो त्यावरून दुकान कळेल. आयएस १०६८, म्हणजे या प्लेटिंगचं भारतीय मानक, म्हटलंत तर आणखी लवकर कळेल.

उद्यमनगर

हे पटलं. आमचा रॉडवाला पण हेच म्हणाला, गाडीचं आणू नको म्हणून.

लॅम्ब्रेटा_ताई

एवढ्या भीतीच्या वातावरणात मी निकेलची बाजू मांडते. क्रोम कधी घरी केलं नाही आणि करणारही नाही. पण लॅम्ब्रेटाचे स्क्रू, लिव्हर, स्टँडच्या पिना, टूलबॉक्सचं कुलूप असल्या वस्तूंना मी घरीच निकेल चढवते. व्हिनेगरचं द्रावण पाना दाखवायला ठीक आहे, टिकाऊ कामाला नाही. मी वॉट्सचं द्रावण वापरते: लिटरला निकेल सल्फेट २५० ग्रॅम, निकेल क्लोराइड ४५, बोरिक अ‍ॅसिड ३५. तापमान ५० अंशांच्या आसपास, सामू ४. वॉट्सने हे १९१६ मध्ये मांडलं आणि कारखाने अजून त्याच पठडीत चालतात. ४ अँपिअरला अर्ध्या तासात वीसेक मायक्रॉन बसतं. भारी चमक हवी तर ब्राइटनर लागतो, तो प्लेटिंगच्या रसायनांच्या दुकानात सुटा मिळतो.

निकेलही साधंसुधं नाही. कातडीला खाज सुटते आणि एकदा अ‍ॅलर्जी बसली की जन्मभर घड्याळाच्या पट्ट्यालाही खाज येते. पूर्ण बाह्यांचे हातमोजे घाला, स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरू नका आणि द्रावण फेकू नका. ते गाळून वर्षानुवर्षं चालतं.

नव्वद टक्के काम सफाईत आहे. भाग घासून, कास्टिकच्या गरम पाण्यात धुऊन, नळाखाली धरायचा आणि बाहेर काढून तिरका करायचा. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर स्वच्छ. कुठे पाणी फाटून थेंब झाले, एखादी कोरडी वाट उमटली, तर तिथे तेल आहे. तुमच्या बोटाचंसुद्धा पुरतं. परत धुवायचं. मी कधीकधी एकाच लिव्हरवर अख्खी दुपार घालवते. जिथे पाणी फाटलं होतं नेमकं तिथूनच नंतर निकेल सोलतं, हे इतकं ठरलेलं आहे की मी आता वाद घालत नाही.

आणि स्प्रिंगांना प्लेटिंग करू नका. हँडलातली स्प्रिंग आधी काढून ठेवा. पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक स्प्रिंग न सांगता तुटते. फार हाय-टेन्साइल बोल्टचंही तेच.

फियाट_६६

ताई, हे म्हणजे मला हवं होतं तेच. मग असं करतो: छोट्या पोलादी भागांवर निकेल मी घरी चढवतो आणि नुसतं क्रोम मारायला अंबडकरांसारख्या कुणाकडे देतो. विषारी भाग त्यांच्याकडे, बाकी माझ्याकडे.

अंबडकर

नको. दुकानदार म्हणून सांगतो, बाहेरून निकेल होऊन आलेला माल मी घेत नाही, आणि जो घेतो त्याच्यापासून जपून राहा.

कारण असं. निकेल हवेत आलं की त्यावर अदृश्य कवच धरतं. आमच्याकडे निकेलच्या टाकीतून भाग काढला की धुऊन ओला असतानाच क्रोममध्ये जातो. तुमचा भाग बसमधून येणार, तोवर त्या कवचावर क्रोम नीट बसत नाही. पांढरे ढग येतात, कडेला सुटतं. ते कवच सौम्य सल्फ्युरिकमध्ये उघडता येतं, कधी जमतं, कधी नाही. नाही जमलं तर सोलून पहिल्यापासून करा, आणि दोष कुणाचा यावर भांडा. शिवाय तुमचा ब्राइटनर कुठला, किती टाकला, थर ठिसूळ झालाय का, मला काय माहीत?

तुमचे हात जिथे खरे उपयोगी पडतील ती जागा तांब्याची आहे. आणि ती कुणी हौशी माणूस मागत नाही, याचं मला नवल वाटतं.

असं बघा. बंपरचं जुनं क्रोम उतरवून झालं की आधी त्यावर तांब्याचा पहिला पातळ थर आणि मग आम्लातलं जाड तांबं चढतं. ७०-८० मायक्रॉन म्हटलं तर दोनेक तास. तांबं मऊ असतं. ते ४०० च्या वॉटर पेपरने घासलं की खड्डा कुठे आणि उंचवटा कुठे ते रंगावरूनच दिसतं. उंच जागी लोखंड डोकावतं, खोल जागी घासलं न गेलेलं चमकदार तांबं राहतं. परत तांबं चढवायचं, परत घासायचं. सगळीकडे एकसारखं निस्तेज तांबं दिसलं की मग ८००, आणि मग बफ. हे आम्ही मनापासून करायचं म्हटलं तर बिल बघून तुम्ही गाडी विकाल. पण तुम्हाला घाई नाही म्हणता ना? दुकानदाराशी बोला, ‘तांब्यावर थांबवा, मी घेऊन जातो, घासून परत आणतो’ म्हणून. पहिल्यांदा तो तुमच्याकडे विचित्र बघेल. ऑफ सीझनला गेलात तर ऐकेल. तांब्याचा भाग तुमच्याकडे महिनाभर पडला तरी बिघडत नाही. काळवंडेल, ते धुण्यात निघतं.

लॅम्ब्रेटा_ताई

हे सोनं आहे. तांबं घरीही जाडवता येतं, मोरचूद आणि सल्फ्युरिक. फक्त नंगं पोलाद थेट त्यात बुडवू नका. वीज न सोडताच त्यावर लाल भुगा बसतो आणि तो बोटाने पुसला जातो. आधी निकेलचा पातळ हात, मग तांबं. नाशिकच्या द्राक्षवाल्यांसाठी पोत्याने मिळणारं मोरचूद स्वस्त असतं, पण त्यात लोह आणि कचरा येतो, थर खरखरीत होतो. प्लेटिंगचंच घ्या.

जुना_पाना

ज्या हँडलांवरून हा सगळा धागा सुरू झाला ती तशीच राहिलीत बरं का.

अंबडकर

हो, त्या दुखण्याकडे वळतो. जस्ताचं डायकास्ट आम्लाच्या तांब्यात टाकलं तर आम्ल जस्तालाच खातं. म्हणून पहिला थर सायनाइडच्या तांब्याचा द्यावा लागतो. तो घरी करण्याचा विचारही करू नका. सायनाइडच्या टाकीशेजारी आम्लाचा एक तांब्या सांडला तर निघणारा वायू माणूस मारतो. आम्ही दोन्ही टाक्या आणि त्यांचं सांडपाणी वेगळं ठेवतो ते त्याचसाठी.

खड्ड्यांचं असं की ते वरून दिसतात त्यापेक्षा आत रुंद असतात. आत पांढरं भुसभुशीत जस्त असतं, ते राहिलं की वरचं सगळं फुगतं. प्रत्येक खड्डा बारीक ड्रिलने किंवा डेंटिस्टच्या बरने चकचकीत धातू दिसेपर्यंत कोरायचा. इथे तुमचं कौशल्य, दुकानाचं नाही. मग सायनाइड तांबं आमच्याकडे, मग खड्ड्यांत कथिल-शिशाचं डाग (सोल्डर) भरायचं. जस्ताचं डायकास्ट ३८५ अंशांच्या आसपास वितळतं आणि डाग १८३ ला. मधली जागा आहे, पण सरळ ज्योत लावलीत तर हँडल डोळ्यादेखत बसेल. भरून झालं की कानशीने सपाट, परत तांबं, मग वरचं सगळं. एका हँडलाला दोन-तीन फेऱ्या होतात. चोर बाजारात त्यापेक्षा बरं हँडल मिळत असेल तर ते घ्या आणि त्यावर मेहनत करा.

चकाचक_२के

हे सगळं सोडून स्प्रे क्रोम का नाही? चांदीचं द्रावण फवारतात, वर लॅकर. प्लॅस्टिकवरसुद्धा होतं. आमच्याकडे बाइकच्या टाक्या करतात, एक नंबर दिसतं.

जुना_पाना

दिसतं, बाबा. लॅकरखालची चांदी आहे ती. बंपरला पार्किंगमध्ये गुडघा लागणार, दगड उडणार, बाई माणसं पिशव्या टेकवणार. एक ओरखडा गेला की पाणी आत आणि काळे डाग. डॅशबोर्डच्या आतल्या बटणांना लावा, माझी ना नाही.

लॅम्ब्रेटा_ताई

बाई माणसंच टेकवतात का पिशव्या? :-)

जुना_पाना

चुकलं ताई. सगळेच टेकवतात.

दुसऱ्या_महायुद्धाआधीची

थोडं विषयांतर. आमच्याकडे एक विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतली गाडी आहे आणि तिच्यावर मागच्या मालकाने लखलखीत क्रोम मारून ठेवलंय. ते चूक आहे. व्यवहारात चालेल असं क्रोम प्लेटिंग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात १९२० च्या दशकाच्या मध्यात फिंक आणि एल्ड्रिजने जमवलं. गाड्यांवर ते त्यानंतर आलं. त्याआधीच्या गाड्या पितळेच्या आणि निकेलच्या. तेव्हा अशा गाडीवाल्यांनी ताईंचं निकेल घ्यावं आणि थांबावं. उबदार पिवळसर छटा येते, दर महिन्याला पुसावं लागतं, पण खरं तेच आहे. फियाटला अर्थात क्रोमच हवं.

फियाट_६६

मधे बरेच दिवस इथे आलो नव्हतो, काम चालू होतं.

तांब्यावर थांबवायला एक दुकान तयार झालं. मालकाने आधी विचारलं, ‘तुम्ही घासणार? का?’ मग बंपरचे फोटो दाखवले आणि पोचे मीच काढून आणले होते ते पाहिलं, तेव्हा मानला. जुनं क्रोम-निकेल त्यांनीच उतरवलं. अंबडकर म्हणाले तसंच दिसतंय: पहिल्या घासणीत डाव्या टोकाला, जिथे कधी तरी बंपर आपटून ठोकून सरळ केला असणार, तिथे हातोडीच्या ठशांची रांग उमटली. आधी नुसत्या पोलादावर हात फिरवून ती कळलीच नव्हती. प्रत्येक ठशाच्या कडेला लोखंडाची करडी चंद्रकोर आणि मधे तांब्याचा ठिपका. कापडाऐवजी लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासतोय, नाही तर बोटं खड्ड्यातच शिरतात.

हँडलं चारपैकी दोन चोर बाजारातली घेतली, दोन माझीच कोरतोय. बारीक स्क्रू, बिजागरीच्या पिना आणि बॉनेटच्या आतले सगळे तुकडे घरच्या निकेलवर होणार, ताईंच्या कृतीने. त्यांना वर क्रोम नाही. ते कुणाला दिसतही नाहीत.

शेवटचे दोन प्रश्न. बंपरच्या मागच्या बाजूचं काय करायचं? आणि दर्शनी बाजूचे ते गोल डोक्याचे बोल्ट, त्यांनाही क्रोम करून घेऊ का?

अंबडकर

मागे क्रोम पोचतच नाही, ते वळणाच्या आत शिरत नाही. निकेल पोचतं, पण पातळ. जुने बंपर बहुतेक मागूनच गंजायला लागतात आणि मग गंज खालच्या कडेवरून पुढे येतो, तुमचे फोड तिथलेच. क्रोम होऊन आल्यावर मागची बाजू बारीक पेपरने खरवडा, इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियम रंग मारा. कडेच्या दुमडीत आधी कापूस फिरवा. आत द्रावणाचा थेंब अडकून राहिलेला असतो, तो नंतर झिरपतो. दुकानातून घेतानाच उलटा करून झटका, कोपऱ्यातून पिवळं पाणी आलं तर तिथेच परत धुवायला लावा, घरी आणू नका. वजा टोक कुठे बांधायचं तेही आधी ठरवून सांगा. सांगितलं नाही तर तार दर्शनी कडेला बांधतील आणि तिथे कोरा ठिपका राहील.

बोल्टचं क्रोम पान्याने पहिल्याच आवळणीला जातं. चौकोनी मानेचे स्टेनलेसचे घ्या, डोकं बफ करा. बंपर आणि ब्रॅकेटच्या मधे नायलॉनचा वॉशर टाका, आणि आवळणं आतल्या नटावरच करा.